वरवंट्याचं बारसं

वरवंट्याला कुंची कांचननं घातली. बाळाच्या हनुवटीखाली बांधावी तशी तिनं दगडाच्या टोकाशी नाडी बांधली, त्याला मांडीवर घेऊन थोपटलं आणि म्हणाली, "वृषे, तुझ्या लेकीपेक्षा हाच गुणी. मघापासून घेतलाय, एकदा तरी रडलाय का?"

खोलीतल्या बायका हसल्या. माझ्या मांडीवर रेवा झोपली होती. अजून तिला रेवा म्हणायचं नव्हतं, अजून ती नुसतं बाळ होती. तिनं माझी करंगळी मुठीत धरली होती आणि झोपेतही ती सोडत नव्हती. दुधाचा आणि वेखंडाचा वास येत होता तिच्या टाळूला.

आमच्याकडे बारशाला बाळाच्या आधी वरवंट्याचा मान. कुंची घातलेला वरवंटा पाळण्याखालून एकीनं द्यायचा, वरून दुसरीनं घ्यायचा. बाळाला दगडासारखं दणकट आयुष्य मिळावं म्हणून. मग त्याला पाळण्यात पायाशी ठेवायचं, बाळाला निजवायचं, आणि आत्यानं बाळाच्या कानात नाव सांगायचं. सांगता सांगता बाकीच्या बायकांनी आत्याच्या पाठीत धपाटे घालायचे. नाव ठेवायचा मान आत्याचा. दुसऱ्या कुणाचा नाही.

म्हणूनच तो मी कांचनला दिला होता.

कांचन माझी कुणीच नव्हे. कराड डेपोत आम्ही दोघी कंडक्टर. पण मला कळा सुरू झाल्या तेव्हा रिक्षात माझं डोकं तिच्या मांडीवर होतं, आणि दवाखान्यात 'पेशंटचं कोण?' असं विचारल्यावर ती 'मी' म्हणाली होती. तिचा आवाज असा की स्टँडच्या एका टोकाला ओरडली तर दुसऱ्या टोकाचा माणूस पळत येऊन गाडीत चढायचा. बाळाच्या कानात नाव कसं सांगायचं याची आदल्या दिवशी तिनं तालीम केली, तेव्हा खालच्या पिठाच्या गिरणीतून विचारणा झाली होती, "वहिनी, मला हाक मारली का?"

"चला, पाळण्याशी या दोघी," शेजारच्या माळीकाकू म्हणाल्या. तेवढ्यात दारात कुणीतरी चप्पल काढली.

मी वर पाहिलं. दारात अक्का उभी होती.

हणमंतची मोठी बहीण. माझी नणंद. काखेत कापडी पिशवी, कपाळावर घाम, पाटणहून पहिल्या गाडीनं आली असावी. तिनं माझ्याकडं पाहिलं नाही. बाळाकडंही नाही. तिनं पाळण्याकडं पाहिलं, मग कांचनच्या मांडीवरच्या वरवंट्याकडं.

मी हणमंतकडं पाहिलं. तो घुगऱ्यांचं पातेलं घेऊन स्वयंपाकघराच्या दारात थिजला होता.

"हणमंत, तू बोलावलंस?"

"बोलावलं नाही," तो पुटपुटला. "नुसतं कळवलं."

"नवऱ्याला अजून नावानंच बोलती का ही, हणम्या?" अक्का म्हणाली. माझ्याबद्दल. माझ्यासमोर.

लग्नाच्या दिवशी, मुहूर्ताचीही वाट न बघता, ती अशीच आली होती, हातात तांदळाचं ताट घेऊन. नवरीचं नवं नाव तांदळात लिहायचं, अंगठीनं. मी हिरव्या शालूत बसले होते, आणि मी म्हणाले, "अक्का, मला नाव आहे. वृषाली. तेच राहू दे."

"ऐकून तर घे, काय ठरवलंय ते."

"ऐकायचंसुद्धा नाही."

खरं सांगायचं तर मला भीती वाटली होती. नाव ऐकलं की ते कानात बसतं, आणि मग कुणीतरी त्या नावानं हाक मारतं, आणि एक दिवस आपण ओ देतो. म्हणून ऐकायचंच नाही.

अक्कानं ताट उचललं, तांदूळ पिशवीत ओतले. एक दाणा खाली सांडू दिला नाही. "नातं मानण्यावर असतं," ती माझ्या वडिलांना म्हणाली. "ही माझी कुणी न्हाई. मी मानत न्हाई." आणि मुहूर्ताच्या आधी निघून गेली. हणमंतच्या उपरण्याची आणि माझ्या शालूची गाठ मारायची होती, ती करवलीनं मारायची असते. शेवटी फोटोग्राफरनं कॅमेरा गळ्यात मागं टाकला आणि गाठ मारली. त्यामुळं आमच्या लग्नाच्या अल्बममध्ये सगळं आहे, गाठ मारतानाचा फोटो तेवढा नाही.

एवढ्यावर संपलं असतं तर मी विसरले असते. पण अक्का विसरू द्यायची नाही. भाऊबीजेला हणमंत एकटा पाटणला जायचा आणि एका माणसाच्या फराळाचा डबा घेऊन यायचा. मला पाचवा महिना होता तेव्हा ती माझ्याच गाडीत चढली. कराड-पाटण. पहिल्या बाकावर बसली. मी शेजारी उभी, हातात तिकिटाचं मशीन. अक्कानं पैसे पुढं केले ते ड्रायव्हर लोखंडेमामांकडं.

"कंडक्टरला सांगा, पाटण एक."

"अहो बाई," लोखंडेमामा म्हणाले, "कंडक्टर तुमच्या उशाला उभी आहे."

"असंल."

मी तिकीट फाडलं आणि तिच्या मांडीवर ठेवलं. पाटणपर्यंत दोन्ही बाजूंच्या बाया माझ्या पोटाकडं आणि तिच्या तोंडाकडं आळीपाळीनं बघत होत्या. त्या दिवशी गाडीतच मी ठरवलं. मुलगा होवो, मुलगी होवो, याच्या बारशाला आत्या नसेल. तिनं नातं मानण्यावर ठेवलं ना? मग तेच. मी कुणाला मानायचं ते मी ठरवीन.

आणि आता ती माझ्या दारात उभी होती, काखेत पिशवी घेऊन, जणू कालच भांडी घासून गेलेली बाई आज परत कामाला आली.

"बस की अक्का," हणमंत म्हणाला.

"बसायला न्हाई आले. नाव ठेवायला आलेय." तिनं पदर खोचला. "माझ्या भावाची पोर हाय. आत्या जित्ती असताना परक्या बाईनं नाव ठेवायचं?"

कांचन उठायला लागली. "वृषे, त्यांचा मान आहे. मी आपली बाजूला..."

"तू तिथंच बस," मी म्हणाले.

गिरणीचा पट्टा खाली फटफट वाजत होता. रेवानं झोपेत एक सुस्कारा टाकला, म्हाताऱ्या माणसासारखा. मी तिला उजवीकडून डावीकडं घेतलं आणि म्हणाले, "अक्का, परकं कोण?"

तिनं पिशवी दुसऱ्या काखेत घेतली.

"तुम्हीच सांगितलंत ना, नातं मानण्यावर असतं. मी कुणी नाही ना तुमची? मग माझ्या पोटचं तुमचं कोण?"

"पोर हणम्याची हाय."

"हणमंतला कळा आल्या नव्हत्या."

माळीकाकूंनी पदर तोंडाला लावला. अक्काचा चेहरा मात्र हलला नाही. काळा, खडबडीत, उन्हानं रापलेला चेहरा. तो हलला असता तर मी कदाचित तिथंच थांबले असते. पण तो हलला नाही, आणि पाटणच्या गाडीतल्या त्या बाया माझ्या डोळ्यांपुढं आल्या. मी हात लांब करून कांचनच्या मांडीवरचा वरवंटा ओढला. बारा दिवसांच्या बाळंतिणीनं तेवढं वजन उचलू नये म्हणतात. मी उचललं आणि अक्कापुढं धरलं, कुंचीसकट.

"नाव ठेवायचंय ना? ह्याचं ठेवा. तुम्हाला शोभेल असं भाचरू आहे. हेही कुणाकडं बघत नाही."

कुणीतरी मागं फिस्सकन हसलं. हणमंत म्हणाला, "वृषाली!" मी त्याच्याकडं पाहिलंच नाही. मी अक्काकडं बघत होते. ती वरवंटा टाकून देईल, शिव्या देईल, चप्पल घालून निघून जाईल, आणि या वेळी जाणारीला अडवायचं नाही, असं माझं पक्कं ठरलं होतं.

अक्कानं वरवंटा घेतला. दोन्ही हातांनी, बाळ घेतात तसा, एक हात डोक्याखाली. तिनं कुंची थोडी मागं सारली आणि दगडाच्या मधोमध पडलेल्या खोबणीवरून अंगठा फिरवला.

"आईचा हाय," ती हणमंतला म्हणाली.

"हो. मल्हारपेठचं घर विकलं तेव्हा आणला."

अक्कानं मान हलवली. मग तिनं कुंचीची नाडी सोडली, कुंची काढली आणि घडी घालून माझ्याकडं दिली. "लेकीची कुंची लेकीला ठेव." खाली बसून तिनं काखेतली पिशवी उघडली. आतून दुसरी कुंची निघाली. जुन्या इरकली साडीची, काठाला हातानं टाके घातलेली. टाके इतके बारीक की शिवताना डोळे गेले असतील. कुणासाठी शिवली होती ते सगळ्यांना दिसत होतं. ती तिनं वरवंट्याला घातली, नाडी नीट बांधली, वरवंटा पाळण्यात निजवला. पाळणा एकदा हलवला. दोनदा. आणि वाकून, तोंडाला हात लावून, दगडाच्या कानाशी काहीतरी म्हणाली.

काय म्हणाली ते कुणाला ऐकू आलं नाही.

ती तशीच वाकून राहिली. "हं," ती म्हणाली, "पाठ कोण बडवणार? बारसं हाय ना? का दगडाचं म्हणून ते बी न्हाई?"

बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. मी रेवाला माळीकाकूंच्या हातात दिलं आणि उठले. टाके ओढत होते. मी अक्काच्या मागं जाऊन उभी राहिले आणि तिच्या पाठीत एक धपाटा घातला. तो फोटोग्राफरसाठी. दुसरा घातला एका माणसाच्या डब्यासाठी. तिसरा पाटणच्या त्या तिकिटासाठी, आणि तो असा बसला की माझाच तळहात झिणझिणला. इतक्या दिवसांत एवढं बरं मला कशानं वाटलं नव्हतं.

धपाटे थांबले तशी अक्का सावकाश सरळ झाली, खांदा एकदा फिरवला आणि पहिल्यांदाच माझ्याकडं पाहिलं. सरळ, डोळ्यांत.

"अंगात जोर हाय," ती म्हणाली. "बाळंतीण असून. बरं हाय."

मग तिनं वरवंटा पाळण्यातून काढून पाट्याशी ठेवला आणि स्वतः दाराशी जाऊन उभी राहिली. "तुमचं चालू द्या."

आमचं चालू झालं. रेवाला पाळण्यात घातलं. कांचन वाकली आणि तिच्या कानात तिनं नाव सांगितलं, तेव्हा गिरणीतल्या पोत्यांनासुद्धा कळलं असेल की मुलीचं नाव रेवा. रेवा दचकून जागी झाली आणि रडायला लागली. सगळ्या हसत कांचनच्या पाठीवर तुटून पडल्या. मी दाराकडं पाहिलं. अक्काचे ओठ हलले. 'रेवा' म्हणून पाहत होती, की दुसरंच काही, कळलं नाही. ती चप्पल घालायला वळली.

मी दारापर्यंत गेले. शेवटचा शब्द तिचा असावा हे मला सहन होईना.

"दगडाचं नाव काय ठेवलंत?"

अक्का पायरीवर थांबली. "तुझ्यासाठी ठेवलेलं होतं, तेच. तुला नको होतं. दगडाला चालतंय."

"काय पण?"

"तुला ऐकायचंसुद्धा न्हाई ना?" ती म्हणाली आणि जिना उतरून गेली. हणमंत घुगऱ्यांची पुडी घेऊन तिच्या मागं धावला. परत आला तेव्हा पुडी त्याच्याच हातात होती.

बायका पांगल्या. कांचन भांडी आवरत होती. मी रेवाला पाजत भिंतीला टेकले होते आणि माझं लक्ष सारखं त्या इरकली कुंचीतल्या दगडाकडं जात होतं. जिंकले तर मीच होते. पण तिनं माझ्याच घरात काहीतरी ठेवलं होतं आणि त्याचं नाव मला ठाऊक नव्हतं.

"इंदुमती," कांचन म्हणाली.

"काय?"

"इंदुमती म्हणाली ती. गाडी घाटात असताना शेवटच्या बाकावरचा माणूस ओठातल्या ओठात 'थांबवा' म्हणतो ते ऐकू येतं आपल्याला. हे तर दोन हातांवर होतं." तिनं ताट फडक्यानं पुसलं. "नाव जुनं आहे, पण वाईट नाही. तुला वाईट वाटेल म्हणून मी सांगत नव्हते."

हणमंत पातेलं विसळत होता. नळाचं पाणी वाहत राहिलं. त्यानं नळ बंद केला नाही.

"हणमंत, पाणी."

"इंदू," तो म्हणाला.

"काय झालं?"

"आई पाट्यावर वाटायला बसली की स्वतःशीच बोलायची. 'इंदू असती तर हात दुखले नसते.' 'इंदूला ही चटणी आवडायची.' मला वाटायचं माझ्याआधी एक बहीण होऊन मेली. विचारायची भीती वाटायची. आई गेली, मग विचारायचं राहिलंच." त्यानं नळ बंद केला. "वृषाली, आईला पोरं दोनच झाली. अक्का आणि मी."

"अक्काचं नाव सुलोचना आहे."

"ते सासरचं. तिच्या लग्नात मी रांगत होतो. मी तिला अक्काच म्हणत आलो. माहेरी तिला काय म्हणायचे..."

मी दगडाकडं पाहिलं. तांदळाचं ते ताट आठवलं. सासरी गेल्यावर ज्या बाईचं नाव तांदळात पुसून टाकलं होतं, तिला ते आपल्या माहेरात पुन्हा कुणाच्या तरी तोंडून ऐकायचं होतं. त्यासाठी तिला माझी गरज होती. माझी म्हणजे वृषालीची नव्हे, भावाच्या बायकोची, जी कुणीही असली असती तरी चाललं असतं. मला नव्यानं राग आला. आणि रेवानं दूध पिता पिता माझी करंगळी पुन्हा मुठीत धरली, तशी मी रागातच रडले. कांचननं माझ्याकडं पाहिलं नाही, ती तेवढी शहाणी होती.

"आता काय करणार?" हणमंतनं विचारलं.

"ड्यूटीवर गेले की बघते," मी म्हणाले. "गाठ पडेलच. भर गाडीत तिला नावानं हाक मारणार आहे. चारचौघांत. नुसत्या नावानं."

"नको गं. मोठी आहे ती. आणि त्या नावानं लग्नानंतर तिला कुणीच..."

"म्हणूनच," मी म्हणाले.

तो वरवंटा अजून माझ्या ओट्याखाली आहे. त्यानं मी रोज चटणी वाटते. इरकली कुंची त्या थंडीत रेवाला घातली का, ते मला विचारू नका. थंडी फार होती. रेवा आता पहिलीत आहे आणि वरवंट्याला नावानंच मागते. धाकट्याच्या बारशाला तिनंच त्याला कुंची घातली. ही दोघं शाळेत आणि झोपेत असताना मला लिहायला तेवढा वेळ मिळतो. पण त्या गाडीचं सांगायचं राहिलं.

रेवाला माळीकाकूंकडं ठेवून मी पुन्हा ड्यूटीवर रुजू झाले, आणि काही दिवसांतच ती गाठ पडली. कराड स्टँड, पाटणची गाडी, बाजाराचा दिवस. गाडी खच्चून भरलेली, टोपल्या, कोंबड्या, शाळेची पोरं. अक्का पुढच्या दारानं चढली. तिला पाहून एका पोरानं पहिल्या बाकावरची जागा दिली. ती बसली. मी मधल्या खांबाशी होते. ती कमरेची चंची सोडत होती, आणि मला ठाऊक होतं आता ती कुणाला तरी सांगणार, कंडक्टरला सांगा.

कित्येक दिवस मी तो आवाज तयार करत होते. स्वयंपाक करताना, रेवाला न्हाऊ घालताना. आदबीचा एक कणही त्यात राहू नये असा.

"ए इंदू!" मी ओरडले. "कुठं जायचंय गं तुला?"

गाडीतल्या माना वळल्या. मागून एक म्हातारा म्हणाला, "बघा, आजकालच्या कंडक्टर बाया, आईएवढ्या बाईला..." आणि थांबला, कारण मी त्याच्याकडं बघत होते.

अक्काचा हात चंचीत होता तसाच राहिला. ती वळली नाही. तिची पाठ मला दिसत होती, मी धपाटे घातलेली तीच पाठ. ती पाठ एकदा वर झाली, खाली झाली. मी गर्दीतून वाट काढत पुढं गेले. एक टोपली ओलांडली, दुसरी ओलांडली. तिच्या शेजारी जाऊन उभी राहिले, मशीन हातात धरून. माझे गाल तापले होते. मी वाट बघत होते शिव्यांची.

अक्का खिडकीबाहेर बघत होती.

"काय म्हणालीस?" तिनं विचारलं. मला. सरळ मला.

"ऐकलंत की."

"न्हाई ऐकलं," ती म्हणाली. आवाज जरा फाटला होता. "गाडीच्या आवाजात काय ऐकू येतंय बाई. पुन्हा म्हण."

लोखंडेमामा अजून खाली टपरीवर चहा पीत होते. गाडी सुरूच झाली नव्हती.